भर उन्हात पक्ष्यांची छायाचित्रे: मॅन्युअल एक्स्पोजर टप्प्याटप्प्याने

गोव्यातल्या चोडण बेटावर खारफुटीपुढे बसलेला बगळा छायाचित्रात नुसता पांढरा डाग होऊन येतो. त्याच्या मानेवरचे किंवा छातीवरचे एकही पीस सुटे दिसत नाही. तोच बगळा उडून आकाशापुढे आला की राखाडी, मळकट दिसू लागतो. कॅमेऱ्याची डायल 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर, फिरवूनही हा दोष गेला नाही, असे अनेकजण सांगतात. त्यांच्या फायली उघडून पाहिल्या, तर कारण जवळजवळ नेहमी दोहोंपैकी एक असते. एक तर 'एम'वर असतानाही आयएसओ 'ऑटो'वर राहून गेलेला असतो, त्यामुळे शटर आणि ॲपर्चर माणसाने ठरवले तरी चित्राचा उजळपणा कॅमेराच ठरवत असतो. किंवा मग प्रत्येक चित्रापूर्वी मीटरचा काटा शून्यावर आणण्यासाठी डायल फिरवली जात असते, म्हणजे कॅमेरा जे आपोआप करत होता तेच हाताने केले जाते आणि चूकही तीच राहते.

या पद्धतीचा सारा पाया एका गोष्टीवर आहे. आकाश निरभ्र असताना करमळीच्या तळ्यात बसलेल्या पक्ष्यावर जेवढे ऊन पडते, तेवढेच बांधावरच्या, पाण्यावरच्या आणि हवेतल्या पक्ष्यावरही पडते. मागे काळपट झाडी आली किंवा चमकते पाणी आले, म्हणून पक्ष्यावरचे ऊन कमी-जास्त होत नाही. म्हणून आकडे उन्हाप्रमाणे एकदा लावायचे आणि ऊन बदलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ते आकडे कसे शोधावेत, कसे तपासावेत आणि नेमके केव्हा बदलावेत, हे पुढच्या टप्प्यांत क्रमाने सांगितले आहे. तळी, मिठागरे, खाजन शेते (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेते), समुद्रकिनारे अशा उघड्या जागा डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. जंगलाचा विचार शेवटी वेगळा केला आहे.

शटर स्पीड, ॲपर्चर आणि आयएसओ म्हणजे काय, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरले आहे. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत डायलचे तीन खटके म्हणजे एक स्टॉप, एवढे मात्र पक्के लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा हिशोब खटक्यांत आहे.

## मीटर कशाला फसतो

कॅमेऱ्यातला मीटर पक्ष्यावर पडलेले ऊन मोजत नाही, तर समोरच्या दृश्यावरून परत आलेला प्रकाश मोजतो आणि ते दृश्य सरासरीने मध्यम राखाडी छटेचे आहे असे मानून आकडा सुचवतो. चौकटीचा बहुतेक भाग गडद खारफुटीने व्यापला असेल, तर मीटर ती खारफुटी मध्यम छटेपर्यंत उजळवू पाहतो आणि त्या उजळण्यात बगळ्याची पिसे जळून जातात, म्हणजे त्यांतला तपशील नाहीसा होतो. मागे उजळ आकाश असेल, तर उलट घडते. दोन्ही वेळा मीटर त्याच्या हिशोबाने बरोबरच असतो. आपण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

## टप्पा १: आदल्या दिवशी घरी करायची तयारी

ही तयारी घरीच आटोपावी. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत मेनू उघडला की एखादी गोष्ट हमखास राहते, शिवाय उन्हात मागच्या पडद्यावरची बारीक अक्षरे धड वाचता येत नाहीत.

सर्वांत आधी ऑटो आयएसओ बंद करावा. काही कॅमेऱ्यांत तो आयएसओच्या मुख्य आकड्यापासून वेगळ्या ठिकाणी, मेनूच्या आत असतो, त्यामुळे आकडा ४०० लावला तरी ऑटो आयएसओ मागे चालूच राहू शकतो.

त्यानंतर उजळपणात आपोआप फेरफार करणाऱ्या सोयी बंद कराव्यात: कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, निकॉनमध्ये ॲक्टिव्ह डी-लायटिंग, सोनीमध्ये डायनॅमिक रेंज ऑप्टिमायझर. एरवी त्या उपयोगी असतील; पण एक्स्पोजर शिकताना डायल फिरवल्याचा परिणाम पडद्यावर जसाच्या तसा दिसायला हवा आणि या सोयी तो झाकून टाकतात.

चित्रे रॉमध्ये (सेन्सरची मूळ नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फायलीत) घ्यावीत आणि पिक्चर स्टाइल, म्हणजे चित्राचा रंग व उठाव ठरवणारी सोय, न्यूट्रल किंवा तशीच सौम्य ठेवावी. रॉमध्ये काम करणाऱ्याला पिक्चर स्टाइलशी काय देणेघेणे, असे वाटू शकते. पण हिस्टोग्राम (डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) आणि जळालेल्या भागावर लुकलुकणारा हायलाइट अलर्ट हे दोन्ही रॉवरून काढलेले नसतात, तर कॅमेऱ्याने आतल्या आत बनवलेल्या जेपीईजीवरून काढलेले असतात. भडक स्टाइल ठेवली तर इशारा गरजेपेक्षा आधी लुकलुकू लागतो आणि आपण चित्र विनाकारण काळे करत जातो.

हायलाइट अलर्ट चालू करावा, हिस्टोग्राम लाल, हिरवा व निळा असे तिन्ही रंग वेगळे दाखवणारा निवडावा आणि पडद्याचा उजळपणा 'ऑटो'वरून काढून एका पातळीवर स्थिर करावा. मिररलेस कॅमेरा असल्यास दर्शकात (व्ह्यूफाइंडरमध्ये) एक्स्पोजरचा परिणाम दिसेल अशी सोय चालू ठेवावी.

शेवटची तयारी बोटांची आहे. कोणत्या डायलने शटर बदलतो आणि ती कोणत्या दिशेला फिरवल्यावर चित्र उजळते, हे न पाहता कळले पाहिजे. संध्याकाळी खुर्चीत बसून, दर्शकाला डोळा लावून, 'तीन खटके वर, दोन खटके खाली' असा सराव करावा. घार डोक्यावरून जायला काही क्षणच लागतात. तेवढ्या वेळात डायल शोधणे जमत नाही.

पडताळणी: कॅमेरा 'एम'वर ठेवून आधी उजेड येणाऱ्या खिडकीकडे आणि मग खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखावा आणि प्रत्येक ठिकाणी एकेक चित्र घ्यावे. दोन्ही चित्रांची माहिती उघडून शटर, ॲपर्चर आणि आयएसओ ताडून पाहावेत. तिन्हींपैकी एक जरी आकडा वेगळा निघाला, तरी कॅमेरा अजून पूर्णपणे आपल्या हाती आलेला नाही.

## टप्पा २: आधी शटर, मग ॲपर्चर, शेवटी आयएसओ

तीन आकडे एकाच वेळी ठरवायला गेल्यास गोंधळ होतो. पक्ष्यांच्या कामात क्रम ठरलेला असावा, कारण तिघांचे महत्त्व सारखे नाही.

शटर स्पीड पक्षी काय करतो आहे त्यावरून ठरतो. स्थिर बसलेल्या बगळ्याला १/१००० पुरतो. मिठागराच्या कडेने चालणाऱ्या शेकाट्याला किंवा टिटवीला १/१६०० बरा. संथ घिरट्या घालणाऱ्या ब्राह्मणी घारीला १/२००० चालतो. सुरय, वेडा राघू किंवा पाण्यावर सूर मारणारा खंड्या टिपायचा असेल, तर १/३२०० च्या खाली जाऊ नये. होडीतून छायाचित्रे घेताना पक्षी बसलेला असला तरी आपण हलत असतो, म्हणून तेथे १/२००० ही किमान मर्यादा धरावी.

ॲपर्चर लेन्सवरून ठरते. एफ/६.३ ते एफ/८ या पट्ट्यात बहुतेक लांब झूम लेन्स चांगली स्पष्टता देतात आणि पक्ष्याची चोच ते शेपूट यांतला बराचसा भाग फोकसमध्ये राहतो. उन्हात प्रकाश मुबलक आहे म्हणून एफ/११ किंवा एफ/१६ पर्यंत जाण्याचे कारण नाही. त्याने शटर मंदावतो आणि मागची झाडी नको तितकी उठून दिसते.

उरलेला हिशोब आयएसओने पुरा करावा. येथे एक जुनी सवय आड येते. ऊन आहे म्हणजे आयएसओ १०० असलाच पाहिजे, असा आग्रह अनेकांच्या मनात घट्ट बसलेला आहे. त्यापायी शटर १/४०० वर येतो आणि एक्स्पोजर अचूक असूनही पंख हललेले येतात. आताच्या कॅमेऱ्यांत भर उन्हातल्या आयएसओ ४०० किंवा ८०० ने चित्रात येणारा दाणेदारपणा सहज खपून जातो. हललेल्या चित्राला मात्र उपाय नाही.

इशारा: आपला झूम लेन्स बदलत्या ॲपर्चरचा असेल, तर सुरुवातीलाच असे ॲपर्चर निवडावे जे लेन्सच्या सर्वांत लांब टोकालाही मिळते. एफ/५ ते एफ/६.३ असा लेन्स एफ/५.६ वर ठेवून पूर्ण झूम केला, तर ॲपर्चर आपोआप एफ/६.३ होते आणि चित्र एक खटका काळे पडते. एफ/६.३ किंवा एफ/८ वरच राहिल्यास ही अडचण येत नाही.

## टप्पा ३: उन्हावरून मूळ आकडे लावणे

स्वच्छ ऊन असेल आणि सूर्य आपल्या पाठीशी असेल, तर एफ/१६ ला शटर स्पीड आयएसओच्या आकड्याएवढा ठेवला की मध्यम छटेचा पक्षी योग्य उजळपणाने येतो. म्हणजे आयएसओ ४०० असताना १/४००. एफ/१६ आपल्या कामाचे नाही, म्हणून तेवढेच एक्स्पोजर सोयीच्या आकड्यांत फिरवून घ्यावे. खालच्या चारही ओळी उजळपणाच्या दृष्टीने सारख्याच आहेत:

- आयएसओ ४००, एफ/८, १/१६००
- आयएसओ ४००, एफ/६.३, १/२५००
- आयएसओ ४००, एफ/५.६, १/३२००
- आयएसओ ८००, एफ/८, १/३२००

आपल्या लेन्सला सोयीची एक ओळ निवडून ती पाठ करावी. पुढे 'मूळ आकडा' असे म्हटले आहे, तो हाच.

ऊन खरोखर स्वच्छ आहे का, हे आकाशाकडे पाहून ठरवू नये. जमिनीवर पडलेल्या आपल्या सावलीकडे पाहावे. सावलीची कड धारदार असेल, तर मूळ आकडा जसाच्या तसा लावावा. सावली आहे पण कड मऊ झाली आहे, असे असल्यास एक स्टॉप, म्हणजे तीन खटके, उजळ करावे. सावली जेमतेम जाणवत असेल तर दोन स्टॉप, आणि मुळीच नसेल तर तीन स्टॉप. गोव्यात ही सावलीची कसोटी विशेष उपयोगी पडते, कारण हवेत दमटपणा असतो आणि आकाश निळे दिसत असूनही ऊन एखाद्या स्टॉपने मंद झालेले असू शकते. हिवाळ्यात सकाळी खाजनांवर पातळ धुके रेंगाळते तेव्हा तर डोळे हमखास फसतात.

सावली पाहूनही खात्री वाटत नसेल, तर आपला तळहात उपयोगी पडतो. पक्ष्यावर ज्या दिशेने ऊन पडते आहे त्याच दिशेला तोंड करून तळहात उन्हात धरावा, स्पॉट मीटरिंगने फक्त तळहात मोजावा आणि काटा शून्यावर न आणता अधिक एकवर आणावा, कारण तळहात साधारणपणे मध्यम छटेपेक्षा एक स्टॉप उजळ असतो. लांब लेन्स इतक्या जवळच्या हातावर फोकस होत नाही, पण मोजमापाला फोकसची गरज नसते.

इशारा: मूळ आकडा सूर्य पुरेसा वर आल्यावरच लागू पडतो. सूर्योदयानंतरचा साधारण दीड तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तेवढाच काळ त्यातून वगळावा. त्या वेळांसाठी सातवा टप्पा पाहावा.

## टप्पा ४: पांढऱ्या पक्ष्यावर आकडे तपासणे

हा टप्पा वगळला जातो आणि म्हणूनच पहिल्या तीन टप्प्यांची मेहनत वाया जाते. मूळ आकडा मध्यम छटेसाठी आहे. बगळ्याचे पांढरे पीस त्याच्या पलीकडे असते. ज्या भागातला तपशील सर्वांत आधी नष्ट होतो, तोच भाग मोजमापासाठी धरला पाहिजे आणि सुदैवाने गोव्यात बगळा शोधावा लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत वायंगणाची, म्हणजे हिवाळी भातशेतीची, नांगरणी चालू असते तेव्हा ट्रॅक्टरमागे गायबगळ्यांची रांग लागलेली असते. या दिवसांत त्यांच्या अंगावर विणीच्या हंगामातला बदामी रंगही नसतो, त्यामुळे ते तपासणीसाठी उत्तम.

कृती अशी. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे, मूळ आकडा लावावा आणि ऊन थेट अंगावर घेत असलेल्या बगळ्याचे एक चित्र घ्यावे. ते पडद्यावर पाहताच उन्हाकडची बाजू लुकलुकताना दिसेल. आता आयएसओ आणि ॲपर्चर तसेच ठेवून शटर एक खटका वाढवावा, पुन्हा चित्र घ्यावे, पुन्हा पाहावे. १/१६०० वरून सुरुवात केली असेल, तर १/२०००, मग १/२५००, मग १/३२०० असे जावे. पिसांमधले लुकलुकणे ज्या खटक्याला पूर्ण थांबते, तेथे थांबावे. स्वच्छ उन्हात हे बहुधा दोन ते चार खटक्यांत होते. हा त्या दिवसाचा 'पांढऱ्याचा आकडा'; तो लक्षात ठेवावा.

आता ते शेवटचे चित्र मोठे करून मानेच्या बुडाशी आणि पंखाच्या काठावर पाहावे. पिसांच्या रेषा सुट्या दिसल्या, एकावर एक आलेल्या पिसांची बारीक सावली दिसली, म्हणजे काम झाले. तो भाग एकसंध, गुळगुळीत दिसत असेल, तर इशारा लुकलुकत नसला तरी उजळपणा आणखी एक खटका कमी करून पाहावा.

या पाहणीत तीन चुका वारंवार होतात.

पहिली म्हणजे हिस्टोग्रामचा मोठा उंचवटा पाहून निर्णय घेणे. बगळा चौकटीत लहान असेल, तर तो उंचवटा शेताचा किंवा पाण्याचा असतो. बगळा असतो तो अगदी उजवीकडच्या टोकाजवळ, तळाशी चिकटलेल्या बारीक रेघेत. ती रेघ उजव्या भिंतीला टेकली आहे की तिच्या अलीकडे संपली आहे, एवढेच पाहायचे. उंचवटा डावीकडे आहे म्हणून चित्र उजळ करायला गेले, की नेमका बगळाच जळतो.

दुसरी चूक म्हणजे लुकलुकणारे सगळेच दोष मानणे. ओल्या चोचीवरची चमक, डोळ्यातला प्रकाशबिंदू, पाण्यावर चमकणारे सूर्याचे तुकडे हे लुकलुकणारच. तेथे तपशील मुळातच नसतो. प्रश्न फक्त पिसांचा आहे.

तिसरी चूक भीतीची. एकदा पिसे जळालेली पाहिली की काहीजण पुढे कायम दोन-दोन स्टॉप कमी ठेवतात. मग पांढरा पक्षी राखाडी येतो आणि घरी उजळ केल्यावर सावलीच्या भागात दाणे उठतात. रॉ फायलीत पडद्यावरच्या इशाऱ्यापेक्षा थोडी अधिक नोंद असते, म्हणजे थोडी सवलत आपल्या बाजूने आधीच आहे. वरून दोन स्टॉपची जास्तीची काळजी नको.

पडताळणी: पडदा उन्हात धरून पाहू नये, तो नेहमी काळपट दिसतो आणि आपण चित्र विनाकारण उजळ करतो. टोपीच्या किंवा शरीराच्या सावलीत पाहावे. मिररलेस असल्यास घेतलेले चित्र दर्शकातच पाहावे, ते सर्वांत भरवशाचे.

## टप्पा ५: पक्ष्याच्या रंगाप्रमाणे थोडी सुधारणा

आता आपल्याकडे दोन आकडे आहेत: मध्यम छटेसाठी मूळ आकडा आणि पांढऱ्यासाठी पांढऱ्याचा आकडा. बहुतेक पक्षी या दोहोंच्या मध्ये किंवा आसपास बसतात.

ब्राह्मणी घारीचे डोके आणि छाती पांढरी, बाकीचे अंग विटकरी. मोह होतो तो विटकरी रंग खुलवण्याचा, पण आधी जळते ते पांढरे डोके. म्हणून पांढऱ्याच्या आकड्यावरच राहावे, फार तर एक खटका उजळ करावे. विटकरी भाग नंतर रॉमध्ये सहज उचलता येतो. कवड्या खंड्या आणि पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड यांनाही हाच न्याय.

पाणकावळा, कोतवाल अशा काळ्या पक्ष्यांसाठी मूळ आकड्यापेक्षा दोन ते तीन खटके उजळ करावे, म्हणजे पिसांतली निळसर-हिरवी झाक दिसते. मात्र हे बसलेल्या एकट्या पक्ष्यापुरतेच. पाणकावळ्यांच्या थव्यात बगळे मिसळले असतील, तर पांढऱ्याचाच आकडा पाळावा.

ढोकरीची गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. बांधावर दबा धरून बसलेली ढोकरी मातकट, रेघारेघांची, चिखलात मिसळून गेलेली असते; तिच्यासाठी मूळ आकडा अगदी योग्य वाटतो आणि बसलेली असेपर्यंत तो योग्यच असतो. पण ती उडते त्या क्षणी मिटलेले पंख उघडतात आणि ते पांढरेशुभ्र असतात. मूळ आकड्यावर घेतलेल्या तिच्या उड्डाणाच्या चित्रात पाठ छान येते आणि पंख जळालेले येतात. ती उडण्याची वाट पाहत असाल, तर पांढऱ्याचा आकडा आधीच लावून थांबावे. उडाल्यानंतर वेळ मिळत नाही.

गडद लाल आणि पिवळ्या पक्ष्यांत इशारा उशिरा मिळतो. निखाराचा नर किंवा हळद्या उन्हात बसलेला असताना एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल रंगाचा वेगळा आलेख उजव्या भिंतीला जाऊन भिडलेला असतो आणि पिसे रंगाच्या सपाट थरासारखी दिसतात. अशा वेळी तिन्ही रंगांचे आलेख पाहावेत आणि लाल आलेख भिंतीपासून सुटेपर्यंत एक-दोन खटके कमी करावेत.

मोरजीच्या किनाऱ्यावर कुरवांची छायाचित्रे घेताना एक फायदा मिळतो. उजळ वाळू ऊन वर परतवते, त्यामुळे उडत्या कुरवाच्या पंखांखालचा भाग फारसा अंधारत नाही. काळ्या चिखलावर किंवा गर्द खारफुटीवर हा परतलेला प्रकाश मिळत नाही. तेथे पंखांखालची सावली उजळवण्यासाठी आकडा वाढवण्याचा मोह टाळावा. वरची पांढरी बाजू जळण्यापेक्षा खालची सावली गडद राहिलेली बरी.

## टप्पा ६: आकडे लागले की हात काढणे

मॅन्युअलचा सारा लाभ या टप्प्यात पदरी पडतो. पांढऱ्याचा आकडा लावून आपण होडीत बसलो आहोत आणि समोरच्या खारफुटीतून मोठा बगळा उडतो असे समजा. सुरुवातीला त्याच्या मागे गडद पाने असतात, मग चिखल येतो, मग चमकते पाणी आणि शेवटी आकाश. या सगळ्या वेळात मीटरचा काटा आधी वजाकडे, मग अधिकाकडे सरकत राहतो. स्वयंचलित रीतीत याच चार-पाच सेकंदांत प्रत्येक चित्र वेगळ्या उजळपणाचे आले असते. आपल्या आकड्यांवर मात्र बगळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच पांढरा येतो, कारण त्याच्यावरचे ऊन सारखेच आहे.

म्हणून काटा हलताना दिसला तरी डायलला हात लावू नये. ही सवय लागायला सर्वांत जास्त वेळ लागतो. काटा शून्यावर नसला की काहीतरी चुकले आहे, असे वर्षानुवर्षे मनावर ठसलेले असते. ज्यांना राहवत नाही त्यांनी कॅमेऱ्यात सोय असल्यास डायल लॉक करावी.

पडताळणी: एकाच पक्ष्याची, एकाच उन्हातली, पण वेगवेगळ्या पार्श्वभूमीची चित्रे ओळीने पाहावीत. मागची झाडी, पाणी, आकाश हवे तसे उजळ-गडद दिसोत. पक्षी मात्र सर्व चित्रांत एकाच उजळपणाचा दिसला पाहिजे.

## टप्पा ७: ऊन बदलते तेव्हा

आकडे बदलण्याची कारणे मोजकीच आहेत: सूर्याची उंची, ढग आणि आपल्या उभे राहण्याची दिशा.

सकाळच्या पहिल्या दीड तासात ऊन झपाट्याने वाढते. हिवाळ्यात गोव्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो. तेव्हापासून साडेआठपर्यंत दर दहा मिनिटांनी एक तपासणीचे चित्र घ्यावे आणि लुकलुकणे दिसू लागताच एक खटका कमी करावा. त्यानंतर तासाभराने एकदा पाहिले तरी पुरते. संध्याकाळी क्रम उलटा. आधी शटर जेवढा परवडेल तेवढा मंद करावा, मग ॲपर्चर उघडावे आणि त्यानंतरच आयएसओ वाढवावा. सकाळ-संध्याकाळचे ऊन पिवळसर असल्याने पांढऱ्या पिसांतही लाल आलेख सर्वांत आधी भिंतीकडे जातो, हे लक्षात असू द्यावे.

ढग सूर्यावर आला की पुन्हा सावलीची कसोटी लावावी आणि ढग सरकताच मूळ जागी परत यावे. परत येणे विसरले जाते, हीच ढगाळ दिवसाची खरी अडचण. म्हणून ढगासाठी नेहमी एकच डायल वापरावी, शक्यतो आयएसओची. म्हणजे ढग गेल्यावर काय परत फिरवायचे ते शोधावे लागत नाही.

सूर्य बाजूला असेल, तर मध्यम व गडद पक्ष्यांसाठी एक ते दोन खटके उजळ करावे. पांढऱ्या पक्ष्यासाठी काहीच बदलू नये, कारण त्याची उन्हाकडची बाजू तेवढीच तापलेली असते. सूर्य समोर असेल, तर या पद्धतीचे आकडे लागू पडत नाहीत. तेथे छायाकृती हवी की तपशील, हे आधी ठरवावे लागते. शिकण्याच्या काळात तरी जागा बदलून सूर्य पाठीशी घ्यावा. चोडणला किंवा खाडीकाठी जाण्यापूर्वी ओहोटीची वेळ आणि सूर्याची दिशा या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. सकाळच्या उन्हात ओहोटी जुळून आली, तर चिखलावर उतरलेले पाणपक्षी पाठीशी सूर्य ठेवून मिळतात.

इशारा: साडेदहा ते साडेतीन या वेळेत आकडे कितीही अचूक असले तरी पक्ष्याचे पोट आणि डोळे सावलीत जातात. शिवाय मिठागरांवर आणि तापलेल्या चिखलावर हवा थरथरू लागते आणि लांबचा पक्षी फोकस बरोबर असूनही पुसट येतो. तो दोष एक्स्पोजरचा नाही आणि लेन्सचाही नाही. या वेळेत जवळचे पक्षी तेवढे घ्यावेत किंवा विश्रांती घ्यावी.

## टप्पा ८: सावली आणि जंगल

उघड्या आकाशाखालची सावली भर उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉप मंद असते, म्हणजे नऊ खटके. तळ्याकाठच्या झाडाच्या सावलीत खंड्या बसला आणि पुढच्याच क्षणी उन्हात झेपावला, तर नऊ खटके फिरवायला वेळ नसतो. ज्या कॅमेऱ्यांत स्वतःचे आकडे साठवण्याची सोय आहे, त्यांत एका जागी उन्हाचे आणि दुसऱ्या जागी सावलीचे आकडे साठवून ठेवावेत.

बोंडला किंवा मोले येथील जंगलात मात्र उन्हाचे कवडसे आणि सावली पावलोपावली बदलतात. तेथे स्थिर आकड्यांचा हट्ट धरू नये. शटर व ॲपर्चर हाताने ठरवून ऑटो आयएसओ तेथे जरूर वापरावा आणि पक्षी काळपट पार्श्वभूमीवर असल्यास एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने उजळपणा कमी करावा. मात्र जंगलातून परतताना ऑटो आयएसओ बंद केल्याशिवाय कॅमेरा पिशवीत ठेवू नये. दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेल्यावर पहिल्या टप्प्यातली चूक अशीच परत येते.

## टप्पा ९: घरी फायली तपासणे

उन्हात घेतलेल्या पांढऱ्या पक्ष्याच्या काही रॉ फायली संगणकावर उघडाव्यात आणि कोणताही बदल करण्याआधी हायलाइटचा इशारा चालू करून पाहावे. कॅमेऱ्यात लुकलुकणारी पिसे येथे तपशिलासह दिसत असतील, तर आपल्या कॅमेऱ्यात किती खटक्यांची सवलत आहे ते कळते. हायलाइटची पट्टी खाली ओढून पाहावे. पिसांच्या रेषा परत आल्या तर सवलत आहे, नुसता राखाडी डाग आला तर नाही. प्रत्येक कॅमेऱ्यात ही सवलत वेगळी असते, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये.

मग वहीत किंवा फोनमध्ये चार गोष्टी लिहाव्यात: जागा, वेळ, सावलीची कड कशी होती आणि त्या दिवशी पांढऱ्याचा आकडा किती निघाला. पुढच्या वेळी त्याच तळ्यावर, त्याच सुमारास, तशाच सावलीत उभे असाल, तर पहिले तपासणीचे चित्र थेट त्या आकड्यावर घ्यावे आणि फार तर एखादा खटका इकडेतिकडे करावा.